बेटवाला डॉक्टर

आपल्या हॉस्टेलवर दर सेमिस्टरला एक गोष्ट हमखास घडते. शेवटचा पेपर दोन दिवसांवर आला की मेसमध्ये कुणीतरी ताट बाजूला सरकवतो आणि जाहीर करतो, की या सुट्टीत बेटावर जायचं! पाठीवर एक सॅक, दोन टी-शर्ट, एक चादर. नारळाच्या झाडाखाली आठ दिवस नुसतं पडून राहायचं. जर्नल नाही, सबमिशन नाही, व्हायवा नाही. सुरुवात अंदमानपासून होते. मग तिकिटाचे आकडे निघतात आणि बेट हळूहळू किनाऱ्याकडे सरकायला लागतं. शेवटी सगळी गँग अलिबागच्या एसटीत बसलेली असते आणि संध्याकाळी परत.

तर मित्रांनो, या लेखात मी अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहे ज्याला खरोखरच एक बेट मिळालं होतं. नारळ होते, आंबे होते, चारी बाजूंना समुद्र होता आणि निवांत गप्पा मारायला वेळही होता. माणसाचं नाव गार्सिया द ओर्ता, धंदा डॉक्टरकीचा, आणि बेटाचं नाव मुंबई. होय, तीच मुंबई. जासईजवळच्या चिर्ल्याहून अटल सेतू जिथे चढतो आणि २१.८ किलोमीटर गेल्यावर शिवडीला उतरतो, त्या पलीकडच्या टोकाला तेव्हा सात वेगवेगळी बेटं होती. त्यातलं मुख्य बेट या डॉक्टरच्या नावावर होतं.

गोव्याला जाऊन आलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव दिलेलं आहे. आपली मुलं त्या बागेत बसून वडापाव खातात आणि पुढच्या बसची चौकशी करतात. हा गार्सिया कोण, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं, आणि मग लायब्ररीत बरेच दिवस गेले.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो दे व्हिदे या गावी झाला. स्पेनची हद्द तिथून अगदी जवळ. आईवडील मूळचे स्पेनमधले यहुदी. १४९२ साली, म्हणजे कोलंबस ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, स्पेनच्या राजाराणीने सगळ्या यहुद्यांना देशाबाहेर काढलं. हे कुटुंब हद्द ओलांडून पोर्तुगालात आलं. पाच वर्षांत तिथेही तेच. फरक एवढाच, की पोर्तुगालच्या राजाला ही माणसं घालवायची नव्हती, त्यांचा पैसा आणि त्यांचं कसब हवं होतं. म्हणून १४९७ साली सरसकट सगळ्यांचा बाप्तिस्मा करून टाकला. विचारणं नाही, काही नाही. या लोकांना नाव पडलं ‘नवे ख्रिस्ती’. नाव नवं, चर्च नवं, पण शेजारीपाजारी ओळखून होते. घरात शनिवारी चूल पेटते की नाही, डुकराचं मांस शिजतं की नाही, याच्यावर लोकांची नजर असायची.

अशा घरात गार्सिया वाढला. पोरगा हुशार. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत शिकला, साधारण १५२३ मध्ये गावी परतला आणि १५२६ मध्ये त्याला डॉक्टरकीचा परवाना मिळाला. पुढे लिस्बनला गेला, तिथल्या विद्यापीठात शिकवायलाही लागला. आजच्या भाषेत सांगायचं तर चांगला सेटल झालेला माणूस. वय तेहतीसच्या आसपास, सरकारी नोकरी, पेशंट भरपूर. तरी १२ मार्च १५३४ या दिवशी तो जहाजात चढला आणि हिंदुस्थानकडे निघाला.

का निघाला? त्याने स्वतः याचं कारण औषधी वनस्पती प्रत्यक्ष बघण्याची इच्छा असं दिलं आहे, आणि ते खोटं नसावं. पण त्याच काळात पोर्तुगालात इन्क्विझिशन आणायची खटपट चालू होती. इन्क्विझिशन म्हणजे धर्माची चौकशी करणारं कोर्ट, ज्यात आरोप कुणी केला हे आरोपीला कळत नसे. नव्या ख्रिस्त्यांना परवानगीशिवाय देश सोडायलाही बंदी घातलेली होती. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, ते कोर्ट पोर्तुगालात आलंच. ओर्ता मार्तिम आफोन्सो द सोझा या बड्या आरमारी अधिकाऱ्याचा खासगी डॉक्टर म्हणून निघाला होता, त्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही. मला विचाराल तर दोन्ही कारणं खरी असावीत. माणूस एकाच कारणासाठी घर सोडतो हे फक्त सिनेमात.

आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, जहाज गोव्याला लागलं. मग पहिली तीन-चार वर्षं हा डॉक्टर सोझाच्या आरमाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर फिरत राहिला. दीव, वसई, मलबार. यालाच मी त्याचं सॅक पाठीवर टाकून फिरणं म्हणतो. हातात काम होतंच, पण डोळे भलतीकडे. बंदर लागलं की इतर लोक लूट आणि व्यापार बघायचे, हा बाजारात जाऊन हे पान कसलं, या बीचं इथे काय म्हणतात, कुठल्या आजाराला देतात, असं विचारत बसायचा.

त्या फिरतीतच तो आपल्या शेजारी येऊन गेला. घारापुरी! जासई उरण तालुक्यात आणि घारापुरीही उरण तालुक्यातच, म्हणजे आपण त्याचे गाववालेच म्हणायचे. १५३४ साली वसईच्या बाजूला गुजरातच्या सुलतानाशी पोर्तुगिजांचं युद्ध चालू असताना त्याने ही लेणी पाहिली. पुढे आपल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं, की बेटाचं इथलं नाव पोरी आहे आणि आम्ही त्याला हत्तीचं बेट म्हणतो. पोरी म्हणजे पुरी. साहेब लोकांपैकी फार थोड्यांनी स्थानिक नाव विचारण्याची तसदी घेतली. याने घेतली. बाकी हत्ती म्हणजे तिथे उभा असलेला दगडी हत्ती. तो पुढे कोसळला, इंग्रजांनी त्याचे तुकडे मुंबईला नेऊन जोडले, आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे.

आम्ही चौघं मागच्या वर्षी घारापुरीला गेलो होतो. आमच्या खिडकीतून सरळ रेषेत ते बेट जवळच आहे, पण आम्ही गेलो गेटवेवरून लाँचने, तासभर लागला. धक्क्यापासून पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या आणि मण्यांची दुकानं, माकडं. वर गेल्यावर मोठ्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग अंधारातून हळूहळू तो तीन मुखांचा सदाशिव पुढे येतो, जवळजवळ सहा मीटर उंच. आमच्यातला सिव्हिलवाला लगेच खांबांवरचा लोड मोजायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं की इथे खांब उभे केलेले नाहीत, डोंगर कोरून काढून टाकला आणि उरले ते खांब. सहाव्या शतकातलं काम! ओर्तालाही हाच प्रश्न पडला होता की हे केलं कुणी. चिनी लोक पूर्वी इकडे जहाजं घेऊन यायचे, त्यांचं हे काम असं काही लोक म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. याची खात्री करायला एक शिलालेख उपयोगी पडला असता, पण तो पोर्तुगिजांनी काढून आपल्या देशात पाठवला आणि तिथे तो हरवला. आणखी एक गोष्ट ओर्ताने नोंदवली आहे. आपण आलो तेव्हा हे लेणं बघण्यासारखं होतं, आता गुरं आत शिरून बसतात आणि त्यांनी फार नासधूस केली आहे, अशी त्याची तक्रार. गुरांच्या जागी माणसं घातली की वाक्य आजही चालेल.

सोझा १५३८ मध्ये पोर्तुगालला परतला. ओर्ता परतला नाही. त्याने गोव्यात घर केलं, बाग केली, लग्न केलं, दोन मुली झाल्या. ३० वर्षं तो तिथेच राहिला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे पेशंट, इस्पितळात गरिबांवरही उपचार, आणि जोडीला जवाहिर आणि औषधी मालाचा व्यापार. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा खास पेशंट आणि दोस्त. म्हणजे हा गृहस्थ घाट चढून नगरला जायचा, दरबारातल्या हकिमांशी अरबी नावांवरून वाद घालायचा आणि भरघोस फी घेऊन उतरायचा. निजामशहाने त्याला कायमचं ठेवून घ्यायचा बराच प्रयत्न केला, पण हा काही राहिला नाही.

गोव्यात त्याचं मालुपा नावाच्या एका ब्राह्मण वैद्याशीही बोलणं-चालणं होतं. स्वतःच्या विद्यापीठातली औषधं चालली नाहीत की तो सरळ वैद्याचं औषध वापरून बघायचा. हे आज सोपं वाटतं. १६ व्या शतकात युरोपातल्या डॉक्टरने असं करणं म्हणजे आपण सरांसमोर टेक्स्टबुक चुकीचं आहे म्हणण्यासारखं. ग्रीक वैद्य गालेन आणि डायोस्कोरिडिस यांनी लिहिलं ते ब्रह्मवाक्य. ओर्ताने मोकळेपणाने म्हटलं आहे, की स्पेनमध्ये असतो तर यांच्याविरुद्ध बोलायचं धाडस मला झालं नसतं. इथे बाजारात जाऊन वस्तू बघता येते, मग तिथलं ऐकून काय करायचं?

याच सगळ्याचं पुढे पुस्तक झालं. १० एप्रिल १५६३ या दिवशी गोव्यात छापून पूर्ण झालं. हिंदुस्थानात छपाईचं यंत्र आलं ते १५५६ साली, गोव्यालाच, म्हणजे हे आपल्या देशात छापलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांपैकी एक. आपल्या अ. का. प्रियोळकरांनी या छापखान्यांच्या इतिहासावर मोठं काम करून ठेवलं आहे. छपाई इतकी चुकांची, की मागे वीसेक पानं नुसतं शुद्धिपत्र आहे. आपल्या मॅगझिनच्या संपादक मंडळाने हे वाचून मनाला थोडा दिलासा द्यावा.

पुस्तकाचं रूप फार गमतीचं आहे. आख्खं पुस्तक म्हणजे एक लांबलचक व्हायवा. रुआनो नावाचा एक काल्पनिक डॉक्टर सालामांकाहून गोव्याला ओर्ताच्या घरी येऊन उतरतो. तो एक्स्टर्नल. पुस्तकी विद्वान, प्रत्येक वाक्याला कुठल्यातरी ग्रीकाचा आधार देणारा. आणि ओर्ता उत्तरं देणारा. प्रश्न एकेका वस्तूवर: वेलची, हिंग, कापूर, दालचिनी, लवंग, चिंच, सुपारी, विड्याचं पान, अफू, हस्तिदंत. मध्येच ओर्ता मोलकरणीला, आंतोनियाला, हाक मारतो आणि ती ते फळ किंवा ती फांदी घेऊन येते. बघा, चाखा, मग बोला! दोघं गच्चीत बसलेत, समोर नदी, कुणी पेशंट बोलवायला येतो, जेवण येतं, पुन्हा गप्पा. वाचताना वाटतं, हे तर आपण सुट्टीत करू म्हणतो तेच. या आंतोनियाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या काळच्या गोव्यात पोर्तुगिजांच्या घरोघर गुलाम असत आणि ओर्ताचं घर त्याला अपवाद नव्हतं. निवांतपणा कुणाच्या तरी राबण्यावर उभा असतो. पुस्तकात ती फक्त येते, वस्तू ठेवते आणि जाते.

मराठी माणसाला या पुस्तकात जागोजाग आपले शब्द भेटतात. फणसाला इथे पणस म्हणतात असं त्याने १५६३ मध्ये छापलंय. कोकमावर एक प्रकरण आहे. मेसच्या सोलकढीला एवढा जुना संदर्भ असेल असं आपल्या आचाऱ्यालाही माहीत नसेल. (कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया. ते आपल्या गार्सियावरून पडलं असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका, ते गार्सिन नावाच्या नंतरच्या एका दुसऱ्याच डॉक्टरवरून आहे.) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोडशी. आपली आजी ज्याला मोडशी म्हणायची, त्याच शब्दाने ओर्ताने कॉलऱ्याचं वर्णन केलं आहे. नाडी बुडत जाणं, अंग गार पडणं, डोळे खोल जाणं, पायात गोळे येणं, दिवसाच्या आत माणूस जाणं. एका युरोपियन डॉक्टरने आशियातल्या कॉलऱ्याचं इतकं नेमकं वर्णन करण्याची ही अगदी पहिल्यांपैकी एक वेळ. इथले लोक मिरी-जिरं घालून तांदळाची पेज पाजतात, हेही त्याने लिहिलं. पाणी आणि मीठसाखर देऊन कॉलऱ्यातून माणूस वाचवता येतो हे शास्त्राने पक्कं करायला पुढची चारशे वर्षं लागली. पेजेत त्याचा थोडासा अंश होता असं म्हणायला हरकत नाही.

मेटलर्जीवाल्यांसाठी हिऱ्याचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. हिरा हातोड्याने फुटत नाही, तो बोकडाच्या रक्तानेच मऊ होतो, हिऱ्याची पूड विष असते, अशा गोष्टी रोमन काळापासून पुस्तकातून पुस्तकात उतरत आल्या होत्या. कॉपी-पेस्टचा रोग आजचा नाही. ओर्ता स्वतः हिऱ्यांचा व्यापारी. त्याने सांगितलं की हातोड्याने हिरा सहज फुटतो. आणि विषाचं म्हणाल तर खाणीतले लोक चोरीसाठी हिरे गिळतात आणि काही न होता दुसऱ्या वाटेने परत मिळवतात. झालं! पंधराशे वर्षांची थिअरी एका वाक्यात साफ.

भांगेवरही आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम आफोन्सोला म्हणाला होता म्हणे, की रात्री आपल्याला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण फिरून यायचं असलं तर थोडीशी भांग खाल्ली की झालं. बिनतिकिटाचं बॅकपॅकिंग! ओर्ताने स्वतः ती खाल्ली नाही, खाल्लेल्यांना विचारून लिहिलं. वॉर्डन सरांनी याची नोंद घ्यावी.

आता बेटाकडे येऊ. १५३४ च्या डिसेंबरात याच बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्या हाताखालची बेटं पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगालच्या राजाने ती गावं आणि बेटं आपल्या मर्जीतल्या लोकांना पट्ट्याने द्यायला सुरुवात केली: वर्षाला ठरलेली रक्कम भरायची आणि बाकी उत्पन्न आपलं. १५५० च्या दशकाच्या मध्याला मुंबई बेटाचा असा कायमचा पट्टा ओर्ताला मिळाला. पुस्तकात तो मोठ्या अभिमानाने या बेटाचा उल्लेख करतो, राजाने मला दिलेलं बेट म्हणून. तिथे राहायला मात्र तो फारसा गेला नाही. गोव्यात बसून सीमाव तोस्कानो नावाच्या आपल्या कुळाकडून कारभार पाहायचा. आंब्याच्या प्रकरणात रुआनोशी गप्पा चालू असतानाच निरोप येतो, की मुंबईहून तोस्कानो आलाय आणि आंब्याची पाटी घेऊन आलाय. लगेच दोघं आंब्यावर बोलायला लागतात. माझ्या बेटावर एक झाड आहे, ते वर्षातून दोनदा फळतं, एकदा मे अखेर आणि एकदा भलत्याच मोसमात, असं ओर्ता सांगतो. दुसऱ्या बहराच्या आंब्यांचं त्याला फार कौतुक.

आज जिथे हॉर्निमन सर्कल आणि टाउन हॉल आहे, त्याच्या मागे समुद्राच्या बाजूला एक मोठं घर होतं, बाग असलेलं. ते ओर्ताचं घर मानलं जातं. त्याच घराभोवती पुढे मुंबईचा किल्ला झाला. जागा आज नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात आहे. पोर्तुगीज पट्टेदाराच्या घरावर शेवटी कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलं, हे मला आवडतं.

पण या बेटाच्या गोष्टीत मला एक काटा टोचतो आणि जासईत राहून तो टोचणारच. हे बेट रिकामं नव्हतं. तिथे कोळी होते, आगरी होते, माडावर चढणारे भंडारी होते. वसईच्या मुलखाबद्दल लिहिताना ओर्ताने स्वतःच सांगितलंय, की इथे शेतं कसणारे कुणबी आहेत, बागा करणारे माळी आहेत, सारा गोळा करणारे परभू आहेत, वाणी आहेत, पारशी आहेत, आणि ज्यांना बाकीचे शिवत नाहीत असे लोकही आहेत. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. एक सुलतान दूर कुठेतरी सही करतो, एक राजा आणखी दूरून कागद देतो, आणि माडाखाली राहणाऱ्याला एके दिवशी कळतं की आता आपला मालक गोव्याचा एक डॉक्टर आहे. आपल्या वर्गात इथल्या प्रकल्पग्रस्तांची मुलं आहेत. १९७० साली सिडको आली, जमिनींवर शिक्के बसले, आणि जानेवारी १९८४ मध्ये याच भागात शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. जासईचे दि. बा. पाटील साहेब त्या लढ्याचे नेते होते. साडेबारा टक्क्यांचा हक्क त्या रक्तातून मिळाला. त्या मुलांसमोर बेट मिळालेल्या माणसाचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही. ओर्ता वाईट मालक होता असं मी म्हणत नाही. त्याच्या पुस्तकात झाडाला किती बहर येतात हे आहे, ते झाड राखणाऱ्याचं नाव नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. इतका निवांत दिसणारा हा माणूस आतून कधीच निवांत नव्हता. १५४३ मध्ये गोव्यात जेरोनिमो दियास नावाच्या एका नव्या ख्रिस्ती डॉक्टरला धर्मद्रोहाच्या आरोपावरून मृत्युदंड देऊन जाळलं. ओर्ताचाच व्यवसायबंधू, त्याच गावातला. तिकडे लिस्बनमध्ये ओर्ताच्या बहिणींना इन्क्विझिशनने पकडलं. त्या सुटल्या आणि आईला घेऊन जहाजाने गोव्याला भावाकडे आल्या. मोठ्या पदांवरच्या पेशंटांमुळे या घराला काही काळ कुणी हात लावला नाही. पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातच येऊन बसलं. ज्याच्यापासून सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून आला, ते त्याच्या मागोमाग त्याच्या गल्लीत आलं.

त्यानंतर तीन वर्षांनी ते पुस्तक छापलंय हे लक्षात ठेवून ते वाचलं की त्याचा सूर वेगळा लागतो. गच्चीत गप्पा चाललेल्या आहेत, आंबा कापला जातोय, हिंगाच्या वासावर विनोद होतायत. हा यजमान सगळ्या जगाबद्दल बोलतो, सुलतानांच्या पदव्या, बुद्धिबळाच्या सोंगट्या, नाग आणि मुंगूस, काहीही सोडत नाही. स्वतःच्या घराण्याबद्दल आणि श्रद्धेबद्दल मात्र चांगल्या ख्रिश्चनाला शोभेल त्यापलीकडे एक अक्षर नाही. ज्या माणसाने गालेनला घाबरणं सोडलं, त्याला शेजाऱ्याला घाबरावंच लागत होतं.

१५६८ मध्ये ओर्ता गोव्यात आपल्या बिछान्यावर वारला. त्याच्या मागोमाग अधिकाऱ्यांनी बहिणीला, कातारिनाला, पकडलं. चौकशीत तिने आणि घरच्या इतरांनी दिलेल्या जबान्यांत भाऊही यहुदी धर्म मानत होता असं आलं. त्या जबान्या कशा घेतल्या जात ते वेगळं सांगायला नको. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला जिवंत जाळलं. आणि १५८० च्या डिसेंबरात, मरून १२ वर्षं झालेल्या डॉक्टरवर निकाल लागला. कबर उकरून हाडं बाहेर काढली, ती जाळली आणि राख मांडवी नदीत टाकली. ज्यांच्या बापांना आणि काकांना त्याने औषध दिलं असेल, ती माणसं त्या वेळी काठावर उभी असणार.

पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची प्रत पोर्तुगालात हाती लागली. त्याने १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये छापला. गप्पा, गच्ची, आंतोनिया, आंब्याची पाटी सगळं गाळून फक्त झाडांची माहिती ठेवली. त्या संक्षेपाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि दीडेकशे वर्षं युरोपला हिंदुस्थानच्या औषधांची ओळख त्यातूनच होत राहिली. नोट्स चालल्या, मूळ पुस्तक कुणी वाचलं नाही. हेही आपल्याला नवीन नाही.

बेटाचं पुढे काय झालं? १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. फेब्रुवारी १६६५ मध्ये बेटाचा ताबा इंग्रजांना दिला गेला, तो त्याच मोठ्या घरात. तेव्हा घर दोना इग्नेझ द मिरांदा या बाईंच्या मालकीचं होतं. तीन वर्षांनी इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने आख्खी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंड! आपल्याला आज त्या बेटावर दहा बाय दहाची खोली शोधायची तर चार जणांनी मिळून डिपॉझिट भरावं लागतं.

ओर्ताच्या घराण्याची आणि त्या चौकशीची खरी हकिकत कागदपत्रांतून उजेडात आली ती १९३४ साली. म्हणजे तो गोव्याला उतरला त्याला बरोबर ४०० वर्षं झाल्यावर. तोवर पोर्तुगालमध्ये तो एक नामवंत पोर्तुगीज शास्त्रज्ञ एवढाच होता. मग १९७१ मध्ये त्याच पोर्तुगालने २० एस्कुदोंच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं आणि नंतर २०० एस्कुदोंच्या नाण्यावरही तो आला. युरो येईपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, लिस्बनमध्ये लोक ते नाणं देऊन कॉफी पीत होते.